निशाणावरचा क्रूस

मी वसईचा सामवेदी ख्रिस्ती. मस्कतला एका शिपिंग एजंटाच्या कचेरीत काम करतो, त्यामुळे जहाजांची निशाणं बघणं माझ्या पोटापाण्याशीच जोडलेलं आहे. परक्या बंदरात शिरताना जहाज यजमान देशाचं निशाणही चढवतं. इथे ते पांढऱ्या, लाल आणि हिरव्या रंगांचं, वर काठीच्या बाजूला दोन तलवारी आणि खंजीर. भारतीय युद्धनौका मत्रहच्या सुलतान काबूस बंदरात लागतात तेव्हा मात्र माझी नजर आधी त्यांच्या मागच्या निशाणाकडे जाते. त्यावर पूर्वी लाल क्रूस असे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली, त्याच दिवशी तो गेला. त्याच्या जागी शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली निळी अष्टकोनी चौकट आली.

तो शुक्रवार होता. इथली सुट्टी शुक्रवारची, म्हणून रुवीच्या संत पीटर व संत पॉल चर्चमध्ये त्या दिवशी मोठी गर्दी असते. मिस्सा संपल्यावर अंगणात वसईकडचे एक वडीलधारे गृहस्थ मला म्हणाले, “क्रूस म्हणजे गुलामीची खूण म्हणतात रे आता. मग आपण कोण?” मी त्यांना तिथेच काही बोललो, पण त्या प्रश्नाला सावकाश उत्तर द्यायला हवं.

नौदलाच्या निशाणावरचा तो क्रूस संत जॉर्जचा, म्हणजे इंग्लंडच्या झेंड्यावरचा. ब्रिटिश नौदलाचं निशाण आपण घेतलं होतं. १९५० साली कोपऱ्यातला युनियन जॅक काढून तिथे तिरंगा बसवला आणि क्रूस तसाच ठेवला. २००१ मध्ये तो काढला गेला आणि २००४ मध्ये परत आला. कारण काय, तर २००१ मध्ये त्याच्या जागी आलेलं निळं चिन्ह आभाळाच्या आणि पाण्याच्या रंगात ओळखू येईना. त्या येण्याजाण्यात येशू ख्रिस्त कुठेच नव्हता. खलाशाला त्या क्रूसापुढे कोणी प्रार्थना करायला सांगितलं नव्हतं, आणि तो नाकारायची मुभाही कोणी दिली नव्हती. ती एका राजाच्या आरमाराची खूण होती. ती काढली हे योग्यच झालं, असं मी ख्रिस्ती म्हणून म्हणतो.

पण मग माझ्या गळ्यातल्या क्रूसाचं काय? तोही पोर्तुगीज जहाजांतूनच आला. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली. त्याआधी १५०७ मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने हे मस्कत जाळलं होतं. बंदरातल्या खडकांवरचे जलाली आणि मिरानी हे किल्ले पोर्तुगिजांनीच बांधले. इमाम सुलतान बिन सैफ यांनी १६५० मध्ये त्यांना इथून हाकललं. पुढे मस्कतचे अरब आमच्या किनाऱ्यापर्यंत आले. १६७४ मध्ये त्यांनी वसईत उतरून कोटाबाहेरची चर्चं लुटली. माझ्या पूर्वजांची प्रार्थनास्थळं ज्यांनी लुटली त्यांच्याच मस्कतमध्ये आज, सुलतानांनी दिलेल्या जमिनीवर, मी मिस्सा ऐकतो. हे मनात आलं की मला मान खाली घालून थोडा वेळ गप्प बसावंसं वाटतं.

खूण कुठून आली एवढ्यावर तिचा निवाडा होत नाही. १८२० च्या तहात इंग्रजांनी शेजारच्या अरब शेखांवर पांढऱ्या किनारीचं लाल निशाण घातलं. याखेरीज दुसरं वापरायचं नाही, असं कलमच होतं. तहात नसलेल्या मस्कतचं निशाण साधं लालच राहिलं. परक्याने घालून दिलेलं ते निशाण शारजा आणि रास अल खैमा आजही फडकवतात, आणि त्यात कोणाला इंग्रज दिसत नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. वाईजवळ मेणवलीच्या घंटेवर मारिया आणि बाळ येशू अजून आहेत. ज्यांनी ती टांगली त्यांनी ते चित्र खरवडलं नाही. धर्माचा माणूस दुसऱ्याच्या पवित्र वस्तूशी कसा वागतो ते मला तिथे दिसतं.

विचारायचं ते इतकंच: ही खूण आज कोणाचा हुकूम सांगते, आणि ती नको म्हणायची मोकळीक आहे का? आमच्या क्रूसामागे आता कोणताही राजा उभा नाही. आमच्या आयांनी सामवेदी बोलीत त्याच्यापुढे गाणी म्हटली आणि आमची माणसं त्याच्याखाली पुरली. उद्या मी तो काढून ठेवला तरी मला कोणी शिक्षा करणार नाही.

ओमानचं निशाण मला म्हणूनच आवडतं. डोंगरांतल्या इमामांचा रंग पांढरा, मस्कतच्या सुलतानांचा लाल. १९५०च्या दशकात दोघांत युद्ध झालं, ब्रिटिश फौजेच्या मदतीने सुलतान जिंकले. सुलतान काबूस गादीवर आले आणि डिसेंबर १९७० मध्ये त्यांनी नवं निशाण दिलं. त्यात हरलेल्या बाजूचा पांढरा रंग जिंकलेल्याने आपल्या लाल रंगाशेजारी घेतला, आणि हिरवा जबल अखदर या डोंगराचा म्हणून आला. देशाच्या नावातलं ‘मस्कत’ही गेलं, उरलं ते ‘ओमान’.

नवी चौकट आली याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान आहे. मात्र क्रूस उतरवणाऱ्यांनी कारण नीट सांगावं: इंग्लंडच्या राजाची खूण उतरवली, एवढंच. वसईत, गोव्यात, केरळात जे लोक रोज क्रूसाची खूण करून दिवस सुरू करतात, त्यांच्यातलेही अनेकजण त्याच नौदलात नोकरी करतात.