औदार्याचा जमाखर्च

दक्षिण आफ्रिकेतील झुलू आणि खोसा समाजांत, गोऱ्यांचा अंमल तेथे स्थिरावण्याच्या पुष्कळ आधीपासून, असा शिरस्ता होता की ज्याच्यापाशी गुरे उदंड आहेत त्याने, ज्याच्यापाशी एकही जनावर नाही अशा आप्ताकडे किंवा शेजाऱ्याकडे, आपल्या कळपातील काही गाई सांभाळावयास द्याव्यात. मालकी देणाऱ्याची राहावी, दूधदुभते सांभाळणाऱ्याच्या मुलाबाळांच्या मुखी पडावे, आणि कळप वाढला म्हणजे एखादी कालवड त्याच्या पदरी कायमची टाकली जावी. ‘उकुसिसा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या व्यवहारात, आपल्याकडे शेळ्या अर्धलीने देतात त्याप्रमाणेच, देणाऱ्याचाही स्वार्थ होताच: सारे पशुधन एका आवारात कोंडलेले असले तर रोगाची एक साथ किंवा शत्रूची एक धाड त्याचा निःपात करू शकते, आणि चार घरी विखुरलेले पशुधन त्या चार घरांची निष्ठाही जोडून देते. त्या औदार्याला व्यवहाराची बळकट चौकट होती, आणि माझ्या मते म्हणूनच ते पिढ्यानुपिढ्या टिकले.

‘उबुंटू’ या नावाने जे तत्त्वज्ञान आज जगभर वाखाणले जाते त्याचा विचार या गाईंपासून सुरू करण्याचे कारण असे की, माणूस इतर माणसांमुळेच माणूस होतो, हे त्याचे सूत्र अलीकडे फारच गुळगुळीत झाले आहे. व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत ते हटकून येते. २००४ पासून एका संगणकप्रणालीलाही त्याचे नाव लाभले आहे. आणि केनियाचे धर्मशास्त्रज्ञ जॉन म्बिटी यांनी १९६९ मध्ये आफ्रिकी धर्मविचारावरील आपल्या ग्रंथात व्यक्तीचे अस्तित्व समूहाच्या अस्तित्वावर कसे उभे आहे याचे जे गंभीर विवेचन केले, त्यातले एकच वाक्य शुभेच्छापत्रांवर छापण्याजोगे म्हणून शिल्लक उरले आहे. मूळ विचारात जिव्हाळ्याइतकेच ऋणालाही स्थान आहे. वाटसरूला न मागता अन्न मिळावे, शेतीच्या हंगामात शेजाऱ्यांनी एकमेकांच्या कामाला हात लावावा, आणि संपन्न असून जो हात आखडता घेतो त्याच्या माणूसपणाविषयीच गावाने शंका घ्यावी, इतकी त्यात जरब आहे.

राज्यकारभाराच्या दप्तरात ‘उबुंटू’ या शब्दाचा प्रवेश झाला तो दक्षिण आफ्रिकेच्या १९९३ च्या हंगामी राज्यघटनेच्या उपसंहारातून. वर्णभेदाने घडविलेली दुही सूडाच्या नव्हे तर समजुतीच्या मार्गाने, प्रतिशोधाऐवजी नुकसानभरपाईने आणि उबुंटूच्या आधारे मिटवावी, असा त्या उपसंहाराचा आशय होता. पुढे ६ जून १९९५ रोजी मक्वन्याने खटल्यात संविधान न्यायालयाच्या अकराही न्यायमूर्तींनी देहदंड एकमताने घटनाबाह्य ठरविला, तेव्हा यव्हॉन मोक्गोरो यांच्यासारख्या न्यायमूर्तींनी या तत्त्वाचा स्पष्ट आधार घेतला. त्याच पीठावर ऑल्बी सॅक्स होते, ज्यांचा उजवा हात १९८८ साली मापुतो येथे वर्णभेदी राजवटीच्या हस्तकांनी मोटारीत ठेवलेल्या बाँबने गेला होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रसंगासाठी फाशी राखून ठेवली होती. संविधान न्यायालयाचे अध्यक्ष चास्काल्सन यांनी त्या निवाड्याचा आदरपूर्वक परामर्श घेऊन वेगळी वाट धरली. हा निकाल मला उबुंटूच्या खऱ्या परंपरेतला वाटतो, कारण येथे जो बलवान, म्हणजे प्रत्यक्ष राज्यसंस्था, तिनेच आपल्या हातातले काही सोडले.

वर्णभेदाच्या काळातील अत्याचारांचा छडा लावण्यासाठी नेमलेल्या सत्यशोधन आणि सामंजस्य आयोगाचा मामला इतका सरळ नव्हता. आर्चबिशप डेझमंड टूटू यांच्या अध्यक्षतेखाली एप्रिल १९९६ मध्ये ईस्ट लंडन येथे आयोगाची पहिली जाहीर सुनावणी झाली, आणि आपल्या मुलांचा छळ कसा झाला हे सांगताना कोसळणाऱ्या माता साऱ्या देशाने पाहिल्या. राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची संपूर्ण कबुली देणाऱ्यास माफी मिळण्याची कायद्यात सोय होती. पश्चात्तापाची अट मात्र त्यात नव्हती. शिवाय माफी मिळालेल्यावर फौजदारी खटला तर चालू नयेच, पण नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही लागू नये, अशी तरतूद होती. वर्णभेदी राजवटीच्या पोलिस कोठडीत बळी गेलेले नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांनी आणि इतर काहींनी तिला आव्हान दिले. जुलै १९९६ मध्ये ते फेटाळताना न्यायमूर्ती इस्माईल महोमेद यांनी पीडितांच्या दुःखाची कैफियत मोठ्या सहानुभूतीने नोंदविली, आणि व्यक्तिगत दाव्यांच्या जागी राज्यसंस्थेने व्यापक भरपाईचा भार उचलावा ही घटनेची योजना त्यांनी ग्राह्य धरली.

येथेच जमाखर्चाची मेळवणी बिघडते. उकुसिसामध्ये ज्याचा कळप मोठा तो देत असे. येथे द्यावयाचे ते, म्हणजे क्षमा, देण्याचा भार ज्यांच्यावर पडला ते कोण होते? १९१३ च्या भूमी कायद्याने देशातील जेमतेम सात टक्के जमीन ज्या बहुसंख्यांसाठी राखली, ज्यांची कुरणे गेली आणि कुरणांबरोबर गुरेही गेली, त्यांची ही नातवंडे-पतवंडे होती. आयोगाने छळ आणि खून यांच्या बळींवर सारा प्रकाश टाकला आणि जमीन, परवाने व मजुरी यांच्या व्यवस्थेतून ज्यांचे हित साधले त्या गोऱ्या सधन नागरिकांना अंधारातच राहू दिले, हा अभ्यासक महमूद ममदानी यांचा आक्षेप मला आजही खोडता येण्यासारखा वाटत नाही. टूटूंवर याचा सगळा ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. श्रीमंतांवर संपत्तीकर बसवावा, अशी शिफारस त्यांच्याच आयोगाने केली होती. ती सरकारने मानली नाही.

माफी मिळाली की त्या क्षणी तिचा अंमल सुरू होई. भरपाईचे तसे झाले नाही. १९९८ च्या अहवालात प्रत्येक पीडिताला सहा वर्षे, दरसाल सुमारे १७ ते २३ हजार रँड द्यावेत, असे सुचविले होते; २००३ मध्ये सरकारने एकदाच ३० हजार रँड देऊन तो हिशेब बंद केला, आणि पीडितांसाठी उभारलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या निधीत त्यानंतरही कित्येक वर्षे शंभर कोटी रँडांच्या आसपास रक्कम वाटपाविना पडून राहिली.