प्रकाशाची हद्द

विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी मधुमेहाने ग्रासलेल्या गृहस्थाच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके तरळू लागले आणि तेथील डॉक्टरांनी ‘एकदा नागपूरला दाखवून या’ असा सल्ला दिला, म्हणजे घरची मंडळी ज्या वस्त्यांचा पत्ता विचारीत शहरात उतरतात त्यांत धंतोली आणि रामदासपेठ ही नावे हटकून असतात. रामदासपेठेत विद्यापीठाचे ग्रंथालय आहे, दुकाने आहेत, हॉटेले आहेत. तथापि बाहेरगावच्या माणसाच्या लेखी ती दवाखान्यांची पेठ होय. तेथील नेत्रतज्ज्ञाच्या खोलीत दिवे मालवून, रुग्णाची हनुवटी टेकूवर ठेवून, हिरव्या लेझरने जो उपचार केला जातो त्याकडे आपण वैद्यकाचा एक रूढ प्रकार म्हणून पाहतो व विसरून जातो. परंतु प्रकाश कोठे पडावा आणि कोठे पडू नये हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा जो प्रश्न आज जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांतून नव्याने उभा राहिला आहे, तो त्या अंधाऱ्या खोलीत फार पूर्वीपासून वावरत आहे.

तो उपचार मूलतः त्यागाचा आहे. मधुमेहात दृष्टिपटलाच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडू लागल्या, की उपाशी पडलेले पटल नव्या वाहिन्यांची मागणी करू लागते. त्या नव्या वाहिन्या नाजूक असतात, फुटतात, आणि डोळ्यात रक्त साकळते. यावर काढलेला तोडगा असा, की पटलाच्या कडेकडेच्या भागावर प्रकाशाचे चटके देऊन तो भाग जाणूनबुजून जाळावा, म्हणजे त्याची मागणी शमते आणि मध्यभाग वाचतो. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने १९७६ साली दाखवून दिले, की या उपायाने तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक घटतो. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत एका डोळ्यास सुमारे १२०० ते १६०० चटके, प्रत्येकी अर्ध्या मिलिमीटरच्या व्यासाचे, द्यावे लागत. मात्र ज्या मध्यबिंदूने आपण अक्षरे वाचतो व माणसांचे चेहरे ओळखतो, त्यावर यांतला एकही पडता कामा नये. पूर्वी डॉक्टर स्लिट लॅम्पमधून, म्हणजे डोळ्यासाठी घडविलेल्या सूक्ष्मदर्शकातूनच, पाहत एकेक ठिकाण स्वतः नेमीत असे. गेल्या वीसेक वर्षांत ठिपक्यांची सबंध चौकट किंवा कमान क्षणार्धात उठविणारी यंत्रे आली. काहींत तर डॉक्टर पटलाच्या छायाचित्रावर खुणा करतो आणि संगणक हलत्या डोळ्याचा माग ठेवीत प्रकाश त्या खुणांवर नेऊन सोडतो. तरीही प्रकाश सोडण्याची कळ डॉक्टरच्या पायाखालीच राहिली आहे. पाय उचलला की प्रकाश थांबतो. हा तपशील दिसतो तितका क्षुल्लक नाही.

सूक्ष्मदर्शकाच्या इतिहासात प्रकाशाचा दर्जा दीर्घकाळ केवळ साक्षीदाराचा होता. वस्तू उजळावी, भिंगापुढे हजर करावी, आणि आपण बाजूला व्हावे, एवढेच त्याचे काम. १८९३ साली आउगुस्ट क्योलर या जर्मन शास्त्रज्ञाने दिव्याची स्वतःची प्रतिमा नमुन्यावर उमटू न देता सर्व क्षेत्र एकसारखे उजळविण्याची जी व्यवस्था सांगितली, ती आजही महाविद्यालयांतून शिकविली जाते. आणि तिच्यामागचा आदर्श, प्रत्येक बिंदूला समान प्रकाश हा, दीर्घकाळ फारसा कोणास शंकास्पद वाटला नाही. साक्षीदार पक्षपाती नसावा, ही अपेक्षा रास्तच होती. पण तो अगदी निरुपद्रवी कधीच नव्हता. प्रखर प्रकाशाने रंगद्रव्ये विटतात, पेशी थकतात, प्रसंगी मरतात. जे पाहावयाचे तेच पाहण्याने बिघडते, ही सूक्ष्मदर्शकाची जुनी व्यथा आहे.

या व्यथेचा उपयोग करून घेण्याची कल्पना ज्यांना सुचली त्यांनी साक्षीदाराला कर्ता बनविले. सर्गेई चाखोतिन या रशियन संशोधकाने १९१२ सालीच अतिनील किरणांची बारीक शलाका पेशीच्या एका अंशावर टाकून तेवढाच अंश निकामी करण्याची रीत प्रसिद्ध केली होती. डोळ्याच्या बाबतीत ग्येर्ड मायर-श्विकेराथ या नेत्रतज्ज्ञाला हा मार्ग दिसला तो १९४५ चे सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या एका रुग्णाच्या पटलावरील डागामुळे: सूर्य जर इतक्या नेमक्या जागी जाळू शकतो, तर वैद्याने ते काम हेतुपुरस्सर का करू नये? अपघाताला शिस्त लावणे, हा विज्ञानाचा एक मोठा व्यवसाय आहे.

यानंतरची मोठी उलथापालथ जीवशास्त्रात झाली. साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या एका एकपेशीय हिरव्या शेवाळात निळा प्रकाश पडताच उघडणारे एक प्रथिनाचे द्वार असते. २००५ साली ते सस्तन प्राण्यांच्या चेतापेशीत बसवून, प्रकाशाच्या स्पंदासरशी ती पेशी चेतविता येते असे दाखविण्यात आले. तोवर मेंदूच्या अभ्यासकाजवळ विजेची तार होती, जी आसपासच्या सर्वांना सरसकट हलविते. आता प्रकाश पडेल तीच पेशी, आणि तीही प्रथिन बसविलेली असेल तरच, बोलती होणार. साहजिकच प्रकाशाला आकार देण्याची निकड निर्माण झाली. आणि त्यासाठी लागणारे साधन आधीच, सर्वस्वी निराळ्या धंद्यात, तयार होऊन बसले होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली सिद्ध केलेल्या चिपेवर अतिसूक्ष्म आरशांच्या रांगा असतात. त्यांतील प्रत्येक आरसा हुकमासरशी एका बाजूला वा दुसऱ्या बाजूला कलतो, एका कलात प्रकाश पुढे जातो, दुसऱ्यात वाया जातो. सिनेमागृहे आणि सभागृहे यांच्या प्रक्षेपकांसाठी हे आरसे लाखांच्या संख्येने बनू लागले, आणि प्रयोगशाळेने ते उचलून सूक्ष्मदर्शकाच्या मागे लावले. करमणुकीच्या बाजाराने विज्ञानाला केलेली ही मदत, तिचा उल्लेख सभांतून क्वचितच होतो म्हणून, येथे नोंदवून ठेवतो.

परंतु लाखो आरशांना हुकूम द्यावयाचा तर हात पुरा पडत नाही. तेथे सॉफ्टवेअर येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील शाखेत रॉन वेल यांच्या प्रयोगशाळेत आकाराला आलेले ‘मायक्रो-मॅनेजर’ हे यांतले ठळक उदाहरण. ते विनामूल्य आहे, त्याची आज्ञावली कोणासही उघडून वाचता येते, आणि त्यात ‘प्रोजेक्टर’ नावाचा एक भाग आहे. संशोधक पडद्यावरील पेशीच्या चित्राभोवती माउसने रेघ ओढतो, आणि तेवढ्याच हद्दीत प्रकाश पडतो. ऐकावयास हे फार सोपे वाटते. वास्तविक कॅमेऱ्यातील बिंदू आणि आरशांतील बिंदू यांची एकमेकांशी कसलीच ओळख नसते. चित्र उलटे असेल, तिरपे असेल, लहानमोठे असेल. म्हणून आज्ञावली प्रथम एकेक ठिपका उजळून पाहते, तो कॅमेऱ्यात कोठे उमटला हे टिपते, आणि अशा अनेक ठिपक्यांवरून दोन्ही क्षेत्रांचा मेळ घालणारा तक्ता तयार करते. भूमिअभिलेखाच्या दफ्तरातील नकाशा आणि बांधावरची जमीन यांचा जो संबंध, तोच येथे पडदा आणि पेशी यांचा. मोजणीदार एकदा येऊन खुणा पटवून गेला की नकाशावरील रेघेला अर्थ येतो, आणि खुणा हलल्या की तीच रेघ तंट्याचे मूळ होते. वस्तुभिंग बदलले, तक्ता रद्द. कोणी टेबलाला धक्का दिला, तक्ता संशयित. हे काम कंटाळवाणे आहे आणि शोधनिबंधातील देखण्या चित्रांत ते कोठेही दिसत नाही. माझ्या मते सबंध प्रयोगाची अब्रू त्यावरच उभी असते.

नमुना जर स्वतःच चालता-बोलता असेल तर प्रश्न आणखी बिकट होतो. केवळ ३०२ चेतापेशींचा, एक मिलिमीटर लांबीचा एक कृमी प्रयोगशाळांतून सर्वत्र पाळला जातो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही चेतातंतूंतील वाहतुकीच्या अभ्यासासाठी तो वापरला जातो. २०११ साली अमेरिकेतील दोन गटांनी, सरपटत्या कृमीचा कॅमेऱ्याने माग काढून, त्याच्या शरीरातील निवडक भागावरच प्रकाश टाकीत राहण्याची किमया दाखविली. यांतील एका गटाने त्यासाठी सभागृहातल्यासारखा प्रक्षेपकच सुधारून घेतला होता. येथे मनुष्य आधी नियम सांगतो, ‘डोक्याच्या मागचा एवढा भाग’, आणि पुढील प्रत्येक क्षणी तो भाग कोणता हे यंत्र ठरविते. निवड आणि अंमल यांच्यामधील अंतर इतके वाढले, की निवड करणारा अंमलाच्या वेळी खोलीत असण्याचीही गरज उरली नाही.

आपल्याकडील एक उदाहरण अधिक चिंतनीय आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात उपिंदर सिंग भल्ला यांच्या गटाने उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाच्या कापांवर चौकटींच्या नाना आकृत्या प्रकाशाने टाकल्या, आणि त्यांना उत्तर देणाऱ्या एकेका पेशीकडे येणारे उत्तेजन व अटकाव ही दोन्ही मोजली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात असे आढळले, की कोणतीही चौकट उजळा, उत्तेजन वाढले की अटकावही त्याच प्रमाणात वाढतो. आकृती कोणती टाकावी हे येथे मनाच्या लहरीवर सोडले नव्हते, हे मला विशेष वाटते. मनुष्याने आवडीची पेशी निवडून तिलाच प्रश्न विचारला असता, तर तिच्याकडून आवडीचे उत्तर मिळण्याचा धोका होता. निवडीत जो पक्षपात शिरतो तो यंत्राच्या हाती काही अंशी आवरता येतो, हे यंत्राच्या बाजूने प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

पण यंत्राची बाजू घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पडद्यावर ओढलेली रेघ सपाट असते, ऊतक सपाट नसते. प्रकाश त्या रेघेपाशी थांबत नाही. तो वर-खाली शंकूप्रमाणे पसरतो, वाटेत विखुरतो, आणि ज्या शेजारणीला प्रश्न विचारलाच नव्हता तीही उत्तर देऊन बसते. म्हणून जाणता संशोधक तोच प्रकाश प्रथिन नसलेल्या पेशीवरही टाकून पाहतो, आणि लक्ष्यापासून बाजूला, रिकाम्या जागीही. तेथे शांतता असेल तरच लक्ष्यावरील गडबडीला पुराव्याची किंमत.

२०२१ साली पॅरिसमध्ये उपचार घेतलेल्या एका ५८ वर्षांच्या अंध गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध झाली. रेटिनायटिस पिग्मेंटोसा या विकाराने त्याची दृष्टी गेली होती. त्याच्या डोळ्यात शेवाळाच्या कुळातील एक प्रथिन बसविण्यात आले, आणि कॅमेरा लावलेल्या चष्म्यातून समोरील दृश्याचे रूपांतर नारिंगी प्रकाशाच्या आकृत्यांत करून ते त्याच्या दृष्टिपटलावर टाकले गेले. तो चष्मा चढविल्यावर टेबलावरील वस्तू त्याला हुडकता, मोजता व हाताने स्पर्शिता येऊ लागल्या. सूक्ष्मदर्शकाखालील पेशीशी चाललेला संवाद येथे जिवंत माणसाच्या डोळ्यापर्यंत पोचला; आणि रामदासपेठेत जो प्रकाश पटलाचा एक भाग जाळून उरलेला वाचवितो, तोच प्रकाश येथे मृतप्राय पटलाला बोलते करतो. तथापि या चष्म्याला पायाखालची कळ नाही. कोणत्या क्षणी कोणता बिंदू उजळावा हे आज्ञावली ठरविते. रुग्णाला उरतो तो चष्मा काढून ठेवण्याचा अधिकार. तो अधिकार मोठा आहे, पण डॉक्टरच्या पायाच्या तोडीचा नव्हे, कारण काय पडत आहे हे जाणून थांबविणे आणि असह्य झाले म्हणून थांबविणे यांत फरक आहे.

असे चष्मे उद्या आपल्याकडेही येतील, आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून आरशांचे सूक्ष्मदर्शक त्याआधी येतील. तेव्हा उपकरण विकत घेणाऱ्या समितीने भिंगाची शक्ती आणि आरशांची संख्या यांवर जितका वेळ घालवावा, तितकाच त्याची आज्ञावली उघडून वाचता येते की नाही, या चौकशीवरही घालवावा. आणि ज्या शोधनिबंधात मेळाचा तक्ता केव्हा केला, भिंग बदलल्यावर तो पुन्हा केला काय, आणि लक्ष्याबाहेरच्या प्रकाशाने काय घडले, याची नोंद नसेल, तो संपादकाने परत पाठवावा.