झाडाची अमानत आणि माणसाचे देणे

पेरू देशातील माद्रे दे दिओस या अॅमेझॉनच्या प्रदेशात नदीकाठचा गाळ उपसून सोने काढले जाते. गाळात विखुरलेले सोन्याचे कण पारा आपल्यात ओढून घेतो. मग तो गोळा तापवतात. पारा वाफ होऊन उडून जातो आणि सोने हाती राहते. उडून गेलेल्या पाऱ्याची चौकशी कोणी करीत नाही.

तो जातो तरी कोठे? त्याचा मोठा वाटा झाडे झेलतात. पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून ही वाफ आत शिरते, तेथे तिचे ऑक्सिडीकरण होते आणि पारा पेशींतील गंधकयुक्त घटकांना घट्ट बांधला जातो. पान गळाले की त्याच्यासोबत तो जमिनीत उतरतो. खाणींजवळच्या अखंड जंगलात पानांत, मातीत, एवढेच नव्हे तर पाखरांच्या अंगातही पारा साठल्याचे संशोधकांना आढळले आहे.

वनस्पती आणि वृक्ष अल्लाहपुढे नतमस्तक आहेत, असे सूरह रहमान सांगते. नेमून दिलेले काम ते निमूटपणे करतात. पण पारा हे मूलद्रव्य आहे. झाड त्याचे रूप पालटू शकते, त्याला नाहीसे करू शकत नाही. दलदलीतील प्राणवायूविरहित चिखलात जीवाणू त्यापासून मिथाइल पारा तयार करतात. तो माशांत आणि माशांतून माणसांत जातो. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात गेलेल्या याच विषाने घडवलेला आजार १९५६ साली उघडकीस आला. त्याने आईच्या गर्भातील बालकांनाही सोडले नाही. शास्त्रज्ञांनी जीवाणूंचे जनुक घालून मातीतील पाऱ्याची वाफ करणारी रोपेही तयार केली आहेत. माती त्याने हलकी होते, परंतु भार हवेवर पडतो.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. विष सोडणाऱ्याने चार झाडे लावली, तर त्याचा हिशेब चुकता होतो काय? वृक्षारोपण हे निःसंशय पुण्यकर्म आहे. लावलेल्या रोपाचे फळ माणसाने, पशूने वा पक्ष्याने खाल्ले तरी ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरते, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. परंतु त्यांनीच हेही सांगितले आहे की, हुतात्म्याचे सारे अपराध माफ होतात, कर्ज मात्र माफ होत नाही. सदका ऐच्छिक आहे. देणे बंधनकारक आहे. दुसऱ्याच्या श्वासात आणि अन्नात मिसळलेले विष हे माणसांच्या हक्कांचे, हुकूकुल-इबादचे, देणे आहे. ते आधी थांबवावे लागते, झालेली हानी भरून द्यावी लागते आणि ज्यांची हानी झाली त्यांची क्षमा मागावी लागते. तौबा या मार्गानेच पूर्ण होते.

कोणी म्हणेल, तो खाणमजूर पोटासाठी राबतो, त्याला दोष कसा द्यावा? खरे आहे. म्हणूनच हा भार एकट्या त्याच्या माथी मारता येत नाही. त्याच्या सोन्याला गिऱ्हाईक आहे म्हणून तो गोळा तापवतो. आपण दागिन्याची जकात वजन करून काटेकोरपणे देतो. तो कोठून आणि कसा आला, हे सोनाराला क्वचितच विचारतो. जल-स्थळी फसाद माजला तो माणसांच्या हातांच्या कमाईमुळे, हे सूरह रूमने सांगितलेले सत्य त्या हातांत आपलेही हात मोजते.

कणभर दुष्कर्मही ज्या दिवशी समोर येईल, त्या दिवसापूर्वी आपले देणे ओळखण्याची आणि फेडण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.