प्रतिकृतीचे इमान

लढाऊ विमानाची वीतभर प्रतिकृती घडवताना इतिहासाशी कितपत इमान राखावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी बालिश वाटेल. गडचिरोलीच्या आमच्या धर्मग्रामातील काही मुले सागाच्या तुकड्यांतून मिग विमाने कोरतात. बहात्तर पटींनी लहान अशा या कामात एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानाचे सात सेंटिमीटर. एखादी रेघ चुकली तर कोणाचे काय बिघडले, असे वडीलधारी विचारतात. हात चुकणे हा दोष नव्हेच. ठाऊक असूनही शोभेसाठी बदल करणे, हा मात्र आमच्या मते दोष आहे. सद्हेतूने बोललेले असत्यही संत ऑगस्टिनने असत्यच मानले होते.

घरचेच उदाहरण घेऊ. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात मिग-२१ एफएल जातीची विमाने तयार होत. त्यांच्या मूळ रचनेत तोफ नव्हती. सारी भिस्त क्षेपणास्त्रांवर. १९७१ च्या युद्धात मात्र पोटाखाली तोफेची पेटी टांगून ती लढली. त्यांच्या चंदेरी अंगावर हिरवे-तपकिरी रंग फासले गेले, तेही सर्वत्र एकसारखे नव्हेत. नीटस कारागिराला ती पेटी बेढब वाटते, ते रंग ओबडधोबड वाटतात. पण पेटी वगळली की माणसांचा चुकलेला अंदाज आणि त्यांनी केलेली दुरुस्ती दोन्ही पुसली जातात. रंग सारखे केले की युद्धाच्या तोंडावरची घाई पुसली जाते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ वायुदलातून निवृत्त झाले. पुढच्या पिढीला ते आपल्या आकाशात दिसणार नाही. मुलांच्या हातून घडेल तसेच दिसेल.

तपशिलाचे मोल किती, हे स्क्वॉड्रन लीडर देवय्या यांच्यावरून कळते. ७ सप्टेंबर १९६५ रोजी सरगोद्यावरील हल्ल्यात त्यांचे मिस्टेअर विमान परतले नाही. त्यांनी शत्रूचे अधिक वेगवान स्टारफायटर पाडले होते, हे १९७९ मध्ये जॉन फ्रिकर या इंग्रज लेखकाच्या पाकिस्तानी वायुदलावरील पुस्तकातून पुढे आले. महावीर चक्र मरणोत्तर मिळाले ते १९८८ साली, तेवीस वर्षांनी. परपक्षाची नोंद कोणी प्रामाणिकपणे जपली म्हणून आपल्या वीराला न्याय मिळाला.

मग आपणही तेच करायला नको काय? ३ सप्टेंबर १९६५ रोजी ट्रेव्हर कीलर यांनी नॅट विमानातून सेबर पाडल्याचे जाहीर झाले. त्यांना वीर चक्र मिळाले. पाकिस्तानी बाजूचे म्हणणे असे, की ते सेबर जखमी अवस्थेत परतले. त्याच दिवशी आपले एक नॅट पाकिस्तानात पसरूर येथे उतरले व वैमानिक सिकंद युद्धकैदी झाले. कीलर यांचे नॅट घडवणाऱ्याने त्यावर पाडलेल्या सेबरची खूण रंगवावी काय? तत्कालीन छायाचित्रात असेल तरच रंगवावी, आणि शेजारच्या चिठ्ठीत दोन्ही बाजूंचे म्हणणे लिहावे. यात कीलर यांचे शौर्य तसूभरही उणे होत नाही. ज्याला सवड असेल त्याने सिकंद यांचेही नॅट घडवून त्याच फळीवर ठेवावे. मूळ विमान कराचीच्या वायुदल संग्रहालयात उभे आहे.