दुरुस्ती की बदली?

जुनी वस्तू नादुरुस्त झाली असता ती दुरुस्त करावी की तिच्या जागी दुसरी बसवावी, हा प्रश्न व्यवहारात बहुधा पैशाच्या हिशोबाने सुटतो, आणि बहुतेक वेळी तो तसा सुटणे योग्यही असते. छत्रीची काडी मोडली म्हणून कोणी नीतिशास्त्राचा आधार शोधू लागल्यास तो हास्यास्पदच ठरेल. परंतु काही वस्तू अशा असतात की, त्यांच्या बाबतीत हिशोब मांडून झाल्यावरही मनाचे समाधान होत नाही. जतन केलेल्या जुन्या मोटारीचा गिअरबॉक्स ही अशांपैकीच एक होय. विषय कारखान्यातला दिसला, तरी त्यात गुंतलेला प्रश्न कर्तव्याचा आहे. आणि तो उकलण्यासाठी आपल्या परिचयाचीच एक मोटार उदाहरणादाखल घेऊ.

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर कंपनी १९५४ पासून फियाट ११०० या इटालियन मोटारीची बांधणी करू लागली. तिचेच पुढचे रूप ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने घरोघरी ओळखले गेले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीने मुंबईचा निरोप घेतला. आता ती उरली आहे ती हौशी संग्राहकांकडे, आणि वडिलांची वस्तू टाकवत नाही अशा कुटुंबांकडे. तिच्या मूळच्या गिअरबॉक्सास पुढचे चार वेग असून गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली असतो. दोन चाकांच्या गती आपोआप जुळवून देणारी सिंक्रोमेश नावाची जी युक्ती कॅडिलॅक मोटारीने १९२८ साली प्रचारात आणली, ती येथे वरच्या तीन गिअरांना आहे, पहिल्याला नाही. त्यामुळे नवशिक्याने चालत्या गाडीत पहिला गिअर घालू पाहिला, की गाडी करकरून आपली नापसंती कळविते.

अशी एक गाडी एखाद्या घरी आहे असे समजू. आजोबांनी ती नाव नोंदवून, वर्षानुवर्षे वाट पाहून घेतली, वडिलांनी सांभाळली. आता दुसरा गिअर उतारावर आपोआप सुटू लागला आहे. एक मिस्त्री म्हणतो, “उतरवून खोलू, झिजले ते बदलू, वेळ मात्र लागेल.” दुसरा म्हणतो, “कशाला ती कटकट? नंतरच्या पद्धतीचा, बैठकीशेजारी दांडा असलेला गिअरबॉक्स बसवा आणि मोकळे व्हा.” नातवाने कोणाचे ऐकावे?

तत्त्वज्ञांकडे जावे, तर त्यांना हा पेच जुनाच आहे. थीसियसच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्यावर ते जहाज तेच राहिले काय, याविषयीचा वाद प्लूटार्कने नोंदविला आहे. ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथात नागसेन मिलिंद राजास विचारतो, की तुझा रथ म्हणजे आस, चाक की जू? यांपैकी एकही नाही, तेव्हा रथ हे केवळ त्यांच्या जुळणीस दिलेले नाव ठरते. विचार सूक्ष्म खरा. परंतु आपल्या नातवास त्याचा उपयोग थोडा. ‘ही गाडी तीच राहील काय?’ हा प्रश्न वेगळा, आणि ‘मी हिच्याशी कसे वागावे?’ हा वेगळा. पहिल्याचे उत्तर कधीच न मिळाले तरी दुसऱ्याचे द्यावेच लागते. शिवाय ‘मूळपणा’ ही कल्पना वाटते तितकी स्थिर नाही. पद्मिनीच्या शेवटच्या आवृत्तीत खुद्द कारखान्यानेच निस्सान धर्तीचा गिअरबॉक्स घालून दांडा खाली आणला होता. मग मूळ कोणते म्हणावे?

याहून उपयुक्त भेद यंत्राच्या रचनेतच सापडतो. बहुतेक जुन्या गिअरबॉक्सांत सिंक्रोमेशची कडी पितळेसारख्या मऊ धातूची केलेली असते, ती एवढ्याकरिता की झीज व्हायची ती कडीची व्हावी आणि पोलादी चाक वाचावे. बेअरिंगे, तेल, स्प्रिंगा यांचेही तसेच. हे भाग झिजण्यासाठीच निर्माण झालेले आहेत. ते बदलणे म्हणजे मूळ वस्तूचा भंग नसून करणाऱ्याच्या हेतूचे पालन होय. आपल्याकडे देवळाच्या बाबतीत जीर्णोद्धार हा शब्द वापरतात, त्यातील आशय हाच: जे जीर्ण झाले ते काढावे, ज्याच्यासाठी ते होते ते राखावे.

मात्र काय झिजले आहे हे कळण्यासाठी आधी पाहावे लागते, आणि माझ्या मते पहिले कर्तव्य तेच आहे. इंजिन चालू असताना, गिअर न घालता, गुरगुर ऐकू आली आणि क्लच दाबताच ती थांबली, तर दोष बहुधा आतील शाफ्टच्या बेअरिंगात असतो. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर तो क्लचच्या बेअरिंगाचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरचा. गिअर सुटतो तो कधी दाते झिजल्यामुळे, तर कधी त्यास जागी धरणारी एक लहानशी स्प्रिंग कमजोर झाल्यामुळे. कधी स्टिअरिंगखालच्या दांड्याचे बुश गेलेले असतात आणि दोष निष्पाप गिअरबॉक्सावर येतो. तेल काढून पाहिल्यास त्यातील बारीक सोनेरी भुकटी वेगळे सांगते, पोलादाचे तुकडे वेगळे सांगतात. ही चौकशी न करता जो सबंध पेटी बदलतो, तो दोष न समजताच शिक्षा फर्मावतो. बदलीचा मोह पडतो तो पुष्कळदा पैसा वाचतो म्हणून नव्हे, तर समजून घेण्याचे श्रम वाचतात म्हणून.

या श्रमांत दुसऱ्याचाही वाटा आहे. उघडलेल्या प्रत्येक गिअरबॉक्साभोवती एखादा पोरगा पाना हातात घेऊन उभा असतो आणि उस्तादाचा हात कोठे थांबतो हे पाहत असतो. ही विद्या पुस्तकांत पुरतेपणी उतरत नाही. काम येत राहिले तर ती टिकते. न आले तर एका पिढीत जाते. दुरुस्तीचे जे पैसे आपण देतो, त्यांत या विद्येची फीही असते, हे विसरू नये.

एवढे सांगूनही बदली हे पाप आहे, असे मी म्हणणार नाही. कवच तडकले असेल, दाते तुटून जोडीचे चाक मिळत नसेल, तर हट्ट धरण्यात अर्थ नाही. घाट उतरताना गिअर सुटला की इंजिनाचा आधार जातो आणि सारा भार ब्रेकांवर पडतो. अशा गाडीत बायकामुलांना बसवून ‘मूळ आहे’ म्हणून मिरविणे हा अभिमान नव्हे, अविचार आहे. तसेच मुलाच्या फीचे पैसे आजोबांच्या गाडीत घालणे हीसुद्धा पितृभक्ती नव्हे. पैसे नसतील तेव्हा गाडी झाकून ठेवावी. ती वाट पाहू शकते, मुलाचे वर्ष वाट पाहत नाही.

बदली करावयाचीच, तर तिला काही मर्यादा असाव्यात. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेल्या तूरिनच्या सनदेतही केलेला फेरफार नोंदवावा आणि तो पुन्हा पूर्ववत करता यावा, अशीच अपेक्षा आहे. त्या सनदेचे नावही न ऐकलेल्या सज्जन गृहस्थास हे सुचावे, इतके ते स्वाभाविक आहे. नवी पेटी बसविण्यासाठी गाडीचा पत्रा कापू नये. आणि गाडी विकताना झालेला बदल आपण होऊन सांगावा. कारण बदलीत अन्याय होत असेल तर तो लपविण्यात होतो. उघड सांगितलेली बदली हा त्या वस्तूच्या चरित्रातला एक प्रसंग ठरतो, एवढेच.

या नियमांच्या मुळाशी एकच जाणीव आहे: आपण त्या वस्तूचे शेवटचे धनी नाही. आज जो भाग मिळत नाही तो उद्या एखादा कुशल कारागीर लेथवर घडवील. आज आपल्याला परवडत नाही ते उद्या नातवाच्या मुलाला परवडेल. म्हणून माझा सल्ला असा की, आधी खोलून पाहावे, दुरुस्त होत असेल तर दुरुस्तच करावे. आणि नच झाले, तर काढलेला गिअरबॉक्स भंगारवाल्यास न देता तेल लावून, फडक्यात गुंडाळून, कोणत्या वर्षी व कोणत्या दोषामुळे उतरविला याची चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवावा. पुढच्या पिढीने तो उघडावा की नाही, हे तिचे तिने ठरवावे. ठरविण्याची संधी तिच्यापासून हिरावून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.