लोकल हायर

भाचीने दुबईहून शाळेचं नेमणूकपत्र व्हॉट्सॲपवर पाठवलं. भौतिकशास्त्राची एम.एस्सी., बी.एड., नाशिकला आठ वर्षं शिकवलेली. पगार महिना 4,000 दिरहम. घरच्या ग्रुपवर कुणीतरी लगेच गुणाकार केला, नव्वद हजारांच्या वर जातात असं जाहीर केलं, आणि अभिनंदनाची रांग लागली. दोन महिन्यांपूर्वी याच ग्रुपवर तिच्या नवऱ्याच्या पगाराची चर्चा झाली होती. तो तिथे एका मालवाहतूक कंपनीत आहे. तेव्हा नाशिकचं नाव कुणी काढलं नाही. त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला किती मिळतात, एवढंच सगळ्यांना हवं होतं.

म्हणजे परदेशी गेलेल्या जावयाचा पगार शेजारच्या टेबलाशी ताडायचा आणि शिक्षिकेचा मागे सोडलेल्या गावाशी. "तिकडे कमी असला तरी इथल्यापेक्षा जास्तच ना!" हे वाक्य नोकरी लावणाऱ्या एजंटापासून सासऱ्यांपर्यंत सगळे म्हणतात. मला ते भाबडं वाटत नाही. फार जुनं आहे ते, आणि आपल्याच देशात घडलेलं आहे.

त्यागाचा मुद्दा आधीच उरकतो, कारण कुणीतरी तो काढणारच. फर्ग्युसन कॉलेज, 1885, गोखल्यांचे 75 रुपये वगैरे. ते 75 रुपये घेणारे आजीव सभासद होते. संस्था तेच चालवत, पगार त्यांनीच ठरवलेला, आणि पैशावरून ते आपसात भांडलेसुद्धा. 1890 मध्ये टिळक बाहेर पडले, त्यात बाहेरच्या मिळकतीचा वादही होता. फी वसूल करून नफा मोजणाऱ्या शाळेच्या मालकाने ते 75 रुपये आपल्या शिक्षिकेपुढे नाचवू नयेत.

माझी गोष्ट कलकत्त्याची आहे. 1885 मध्येच जगदीशचंद्र बोस प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले. भारतीय प्राध्यापकाला युरोपियनाच्या दोन तृतीयांश पगार, आणि नेमणूक हंगामी म्हणून त्याच्याही निम्मा. बोसांनी तीन वर्षं पगाराला हात लावला नाही, शिकवायचे मात्र थांबले नाहीत. शेवटी सरकार नमलं. नेमणूक कायम झाली, मागचा पगारही पुऱ्या दराने मिळाला. शाळेच्या पुस्तकातला धडा इथे संपतो.

धडा संपल्यावर काय झालं ते बघा. 1896 मध्ये शिक्षणखात्याची फेररचना झाली. विलायतेत भरती होणाऱ्यांसाठी इंडियन एज्युकेशनल सर्व्हिस, इथे भरती होणाऱ्यांसाठी प्रांतिक सेवा. जुनाच वर्णभेद, फक्त पाटी नवी, असं म्हणून आपण पुढे सरकतो. वर्णभेद होताच, त्यात वाद नाही. पण तेवढं म्हटलं की त्यातली हुशारी नजरेतून सुटते. बोस भांडू शकले, कारण वर्ग तोच, फळा तोच, पोरं तीच, आणि पगाराचे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवता येत होते. ते कुणालाही दिसत होतं, सरकारलासुद्धा. 1896 ने तो शेजारच मोडला. आता सेवा दोन, श्रेण्या दोन. वेगळ्या सेवेतल्या माणसाशी बरोबरी मागणार कशी? तुमची तुलना तुमच्या सेवेतल्या लोकांशी करा, म्हणजे इथल्याशी. प्रफुल्लचंद्र राय एडिनबरोचे डी.एस्सी. होते. 1889 मध्ये 250 रुपयांवर प्रेसिडेन्सीत लागले आणि नव्या रचनेत प्रांतिक सेवेतच राहिले. पदवी कुठली, शिकवता काय, हे सगळं मागे पडलं. नेमणूक कुठे झाली, यावर माणसाची किंमत ठरली. आणि असा नियम कागदावर अगदी निष्पाप दिसतो! त्यात कुणाच्या कातडीचा उल्लेखही करावा लागत नाही.

पुढे भारतीय लोक वरच्या सेवांत शिरू लागले तेव्हा मूळ पगार एकच ठेवून युरोपियनांना वेगळा ‘ओव्हरसीज पे’ देण्याची सोय झाली. 1924 च्या ली कमिशनने त्यात भर घातली आणि मायदेशी जाण्यायेण्याची बोटीची तिकिटंही सुचवली, बायकोसकट. माणूस घरापासून लांब राहतो, हे त्याचं कारण. आखातातल्या करारपत्रात वर्षाचं विमानाचं तिकीट दिसलं की मला ती बोट आठवते.

लांब राहण्याचा मोबदला हे कारण प्रामाणिक मानू. मग मँचेस्टरची बाई आणि नाशिकची बाई, दुबईत दोघीही घरापासून लांबच. पण ब्रिटिश अभ्यासक्रमाची शाळा विलायतेतून बाई बोलावते तेव्हा घर आणि तिकीट देते. भाचीच्या पत्रात दोन्ही नाही. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांची फी कमी, म्हणून पगार कमी, हे उत्तर मला अर्धं मान्य आहे. उरलेलं अर्धं पत्राच्या दुसऱ्या पानावर होतं. ती नवऱ्याच्या व्हिसावर आधीच दुबईत पोचलेली, म्हणून तिची नोंद ‘लोकल हायर’. राय यांना हा शब्द लगेच कळला असता.

त्याच पानावर 4,000 ची फोड होती. बेसिक 2,000, बाकी भत्ते. तिथल्या कायद्यात ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात, पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचा पगार. पाच वर्षांनी तिच्या हातात 7,000 दिरहम पडतील. सगळे 4,000 बेसिक असते तर 14,000 पडले असते. ग्रुपवर दिरहमचे रुपये करायला मिनिटही लागलं नव्हतं, या हिशेबाला मात्र कुणी हात घातला नाही.

तुमच्याही घरी असं पत्र येईल. रुपयांचा गुणाकार जरा थांबवा. आधी विचारा, याच शाळेत हाच विषय शिकवणाऱ्या दुसऱ्या माणसाला किती मिळतात, आणि त्याला कुठून घेतलं?

भाचीने मला न विचारताच सही केली होती. वर्ग सुरूही झालेत, आठवड्याला 28 तास. शाळेच्या दप्तरी ती ‘लोकल’ आहे. पासपोर्टवर जन्मस्थान नाशिक.