माशी, मासा आणि खोटी जर

सुरत-सचिनच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना खऱ्या आणि खोट्या जरीतला भेद वेगळा शिकवावा लागत नाही. खऱ्या जरीत रेशमावर चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. खोट्या जरीत चांदीचा पातळ थर दिलेली तांब्याची तार. खोटी जर विकणे हा अपराध नव्हे. ती खरी म्हणून विकणे हा अपराध. व्यापारी नीतीचा हा नियम आमच्या इतका अंगवळणी पडला आहे, की नकलेच्या नीतीविषयी त्यापलीकडे विचारण्यासारखे काही उरले आहे असे सहसा वाटत नाही. तांब्याचीच बारीक तार वापरणारी एक कला मात्र हा नियम अपुरा ठरविते. गोड्या पाण्यातील मासा पकडण्यासाठी गळावर कीटकाची हुबेहूब प्रतिकृती बांधण्याची ती कला. इंग्रजीत तिला ‘फ्लाय’ म्हणतात. आपण ‘माशी’ म्हणू. ही माशी आपण नकली असल्याचे कोणाला सांगणार? जिच्यासाठी ती बांधली, त्या माशाला सांगितले तर तिचे प्रयोजनच संपले.

कला जुनी आहे. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील कोळ्यांचे वर्णन केले आहे. ते गळाला तांबडी लोकर गुंडाळीत आणि कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसे तिला बांधीत. पुढे १८३६ मध्ये आल्फ्रेड रोनाल्ड्स या इंग्रजाने नदीकाठी खोपटे बांधून ट्राउट माशाचे वर्तन न्याहाळले आणि कोणती माशी कोणत्या कीटकाची नक्कल आहे, हे चित्रांसह ग्रंथात मांडले. आज निष्णात कारागीर छोट्या शिकंजात गळ पकडून पिसाच्या एकेका तंतूला गाठ मारतात आणि कीटकाच्या पायाचा सांधा साधतात. पंखांवरच्या शिराही सुटत नाहीत.

गंमत अशी, की इतक्या हुबेहूब माशीला मासा पुष्कळदा तोंड लावीत नाही. ती पाण्यात ताठ राहते, जिवंत वाटत नाही. उलट फ्रँक सॉयर या नदीरक्षकाची प्रसिद्ध माशी पाहावी. तितराच्या जातीच्या फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि दोऱ्याऐवजी तांब्याची तार, एवढेच तिचे साहित्य. तिला पाय नाहीतच, कारण पोहताना ते कीटकपिल्लू पाय अंगाशी घेते, हे सॉयरने पाहिले होते. त्याने रूपाची नव्हे, वागण्याची नक्कल केली. तेव्हा सहा पाय मोजून बांधलेली माशी नेमकी कोणाच्या डोळ्यांसाठी असते, हा प्रश्न उरतोच. आमच्या मते ती माणसाच्या डोळ्यांसाठी असते, आणि म्हणूनच ती निरुपद्रवी ठरते. चित्रातल्या फळाला कोणी फसवणूक म्हणत नाही.

खरा नैतिक पेच सॉयरच्या माशीत आहे. माशा स्थूलमानाने दोन प्रकारच्या असतात. एक भडक, चमकदार, सृष्टीत नसलेल्या कीटकाची. ती माशाचा लोभ किंवा राग चाळविते. दुसरी खऱ्या कीटकाची. पहिली म्हणजे मारीचाचे सुवर्णमृगरूप. असे हरिण सृष्टीत नसते, अशी शंका लक्ष्मणाला आली होती. म्हणजे सावध होण्याची वाट तिथे मोकळी होती. दुसऱ्या प्रकारात ती वाटच बंद होते. मासा सावध आहे, अनुभवी आहे, पारखून खातो, आणि त्या पारखेचाच गळ केला जातो. लोभी फसला तर आपण त्याच्यावरही थोडा दोष ठेवतो; शहाण्याला त्याच्या शहाणपणाच्या वाटेने फसविणे आम्हांला अधिक गंभीर वाटते. निसर्गातही काटकीसारखे किडे असतात, हे उत्तर पुरेसे नाही. त्या किड्याने रूप निवडलेले नसते, माणूस निवडतो.

महाडजवळचे वाळणकोंड आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. काळ नदीच्या त्या डोहातले महसीर, म्हणजे आपल्याकडचे खडस, देवीचे म्हणून कोणी मारीत नाही. भाविक त्यांना कुरमुरे टाकतात. त्या डोहात कुरमुऱ्याची हुबेहूब ‘माशी’ बांधून गळ टाकणाऱ्याला आपण काय म्हणू? विश्वासघातकी म्हणू, आणि मासा पुन्हा पाण्यात सोडून दिला तरी तसेच म्हणू. सोडण्याने जीव वाचतो, ही मोठी गोष्ट. केलेला विश्वासघात मात्र त्याने पुसला जात नाही. भूक आणि विश्वास यांतली सीमारेषा वाळणकोंडात स्पष्ट दिसते. अन्य नद्यांत ती पुसट असते, इतकेच. तिथे माशाने माणसावर विश्वास ठेवलेला नसतो, नदीवर ठेवलेला असतो.

या छंदाने माणसांचाही तोल सुटतो. जून २००९ मध्ये इंग्लंडमधील ट्रिंगच्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीस गेली. चोर संगीताचा विद्यार्थी होता, आणि हव्यास सामन माशासाठी बांधावयाच्या शोभिवंत माशांच्या पिसांचा. डांगच्या जंगलातील राखी रानकोंबड्याच्या मानेवरची मेणासारख्या ठिपक्यांची पिसेही याच माशांसाठी एकेकाळी साता समुद्रापार जात. आता १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्या पक्ष्याला संरक्षण आहे.

तथापि या कलेच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. माशी बांधणाऱ्याला नदीतला दगड उलटून खालचे कीटक ओळखावे लागतात. त्यांतल्या मेफ्लायचे पिल्लू महिनोन्‌महिने पाण्यात वाढते आणि पंख फुटल्यावर दिवस-दोन दिवसांत मरते. पाणी नासले की आधी नाहीसे होणाऱ्यांत ते असते. सचिनच्या औद्योगिक वसाहतीत ६ जानेवारी २०२२ रोजी टँकरमधून नाल्यात सोडल्या जाणाऱ्या रसायनाच्या वायूने सहा कामगार दगावले. ज्या पाण्याकाठी माणूस टिकत नाही, त्या पाण्यातल्या कीटकांची गणती कोण ठेवणार? इंग्लंडात ती गळवाल्यांनीच ठेवली. २००७ पासून तिथले मासेमारीचे शौकीन ठरावीक जागी कीटकपिल्ले मोजतात आणि संख्या घसरली की सरकारी खात्याला कळवितात. ज्यांनी नक्कल केली, तेच आता अस्सलाचे पहारेकरी झाले आहेत. मिंढोळेच्या काठी असे काही आरंभावयाचे म्हटले तर लागणारे साहित्य फारसे नाही: दांड्याची एक जाळी आणि एक पांढरी थाळी.